चाकावरचे बिऱ्हाड : जुन्या बिऱ्हाडगाडीची निगा आणि तिची परिभाषा

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार या गावाच्या नावात लवण आहे. संस्कृत ‘लवण’ या शब्दाचे प्राकृतात ‘लोण’ असे रूप झाले आणि त्यापासून मराठीत एक लहानसे शब्दकुल निर्माण झाले. लोणचे, अळणी, लोणारी हे शब्द त्याच कुलातील होत. ‘लोणी’ हा शब्द दिसावयास त्यांच्यासारखा असला तरी त्याचे मूळ ‘नवनीत’ हे आहे; त्याचा येथे संबंध नाही. या कुलातील आणखी एक शब्द प्रत्येक गृहस्थाच्या परिचयाचा आहे. तो म्हणजे ‘लोणा’. भिंतीत मुरलेले पाणी कालांतराने वाळून जाते, परंतु त्यात विरघळलेले क्षार मागे राहतात. ते पृष्ठभागावर पांढरे फुलून येतात आणि गिलावा सुटू लागतो. भिंतीला लोणा लागला असे आपण म्हणतो ते याच अवस्थेस.

लोणारचे सरोवर हे याच क्रियेचे विशाल रूप मानता येईल. उल्कापाताने कठीण बेसॉल्ट खडकात सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर पडले. त्यात झऱ्यांचे आणि पावसाचे पाणी उतरते. मात्र बाहेर पडण्यास त्याला वाट नाही. पाणी उन्हाने वाफ होऊन जाते आणि क्षार तळाशी राहतात. त्यामुळे सरोवराचे पाणी खारट व तीव्र अल्कधर्मी झाले असून त्याचा सामू १० च्या आसपास असल्याचे अनेक अभ्यासांत आढळून आले आहे. येथून निघणाऱ्या क्षारांना स्थानिक लोकांनी दल्ला, निमक-दल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी अशी निरनिराळी नावे दिली होती. ती जुन्या नोंदींत आढळतात. ज्यांना रोज क्षार हाताळावयाचे होते त्यांना ‘क्षार’ हा एकच शब्द पुरेसा नव्हता.

या दोन गोष्टींचा, म्हणजे वाट न मिळालेल्या पाण्याचा आणि नेमक्या नावाचा, एका निराळ्याच वस्तूच्या निगेशी निकटचा संबंध आहे. ती वस्तू म्हणजे राहण्याची सोय असलेली जुनी मोटार.

बिऱ्हाडगाडी म्हणजे काय

इंग्रजीतून आलेला ‘कॅरॅव्हॅन’ हा शब्द आता शासनव्यवहारातही रूढ झाला आहे. प्रस्तुत लेखात मात्र ‘बिऱ्हाडगाडी’ हा शब्द वापरला आहे. मराठीत ‘घर’ आणि ‘बिऱ्हाड’ यांत सूक्ष्म भेद आहे. घर बांधले जाते, बिऱ्हाड थाटले जाते आणि हलविलेही जाते. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असते असे म्हणतात; विंचवाचे घर पाठीवर असते असे कोणी म्हणत नाही. चाकावरच्या संसारास बिऱ्हाड हाच शब्द शोभतो.

ही कल्पना महाराष्ट्रास नवी नाही. गावोगाव फिरून लोखंडकाम करणाऱ्या घिसाड्यांचा संसार पिढ्यान्‌पिढ्या गाडीच्या आसऱ्याने चालत आला. जत्रांतून फिरणाऱ्या तंबूतील चित्रपटगृहांनी हीच रीत मोटारीवर आणली. जुन्या ट्रकच्या पाठीत प्रक्षेपणयंत्र बसविलेले, त्यातून निघालेला झोत समोरच्या तंबूतील पडद्यावर पडत असलेला आणि खेळ संपल्यावर त्याच ट्रकच्या आसऱ्याने माणसे निजलेली, असे हे दृश्य असे. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी महाराष्ट्रातील या फिरत्या चित्रपटगृहांवर केलेला ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा अनुबोधपट २०१६ साली कान येथील महोत्सवात दाखविला गेला. गाडी आणि यंत्र ही दोन्ही म्हातारी झाली असता धंदा चालू ठेवणे म्हणजे काय, हे त्यात दिसते. २०२१ साली महाराष्ट्र शासनाने कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण मंजूर केले. जेथे कायमचे बांधकाम करणे इष्ट नाही अशा स्थळी प्रवाशांच्या मुक्कामाची सोय व्हावी, हा त्यामागील एक विचार होता.

दोन शब्दसंग्रह आणि त्यांमधील पोकळी

बिऱ्हाडगाडीची मुख्य अडचण अशी की ती एकाच वेळी घरही असते आणि गाडीही असते. आणि या दोहोंच्या गरजा परस्परविरोधी असतात. घराला स्थैर्य हवे, गाडीला लवचीकपणा हवा. घराच्या सांधी बुजविलेल्या असाव्या लागतात, तर गाडीच्या सांध्यांना हालण्यास जागा ठेवावी लागते.

मराठीत या दोन्ही बाजूंची भाषा समृद्ध आहे. घराच्या बाजूला ओल, गळती, पन्हळ, वळचण, पागोळी, लोणा हे शब्द आहेत, आणि पावसाळ्यापूर्वी छप्पर नीट करण्याच्या वार्षिक कामास ‘शाकारणी’ हे नाव आहे. गाडीच्या बाजूला आंस, तुंबा, आरे, धाव, जू, साटा, वंगण हे बैलगाडीचे शब्द आहेत, आणि त्यांच्या जोडीला चासी, पाटे, बुश, किंगपिन, ब्रेक, ग्रीस हे कारखान्यातले शब्द येऊन बसले आहेत. परंतु जेथे घर गाडीला जोडलेले असते तेथल्या भागांना रूढ नावे नाहीत. छपराचा पत्रा जेथे बाजूच्या पत्र्यावर वळतो तो सांधा, किंवा राहण्याची पेटी जेथे चासीवर टेकते ती जागा, यांविषयी सुतार आणि मिस्त्री दोघेही ‘तिथे’, ‘त्या बाजूला’ असे मोघम बोलतात. याचा परिणाम केवळ भाषिक नाही. मिस्त्री आपल्या यादीतील भाग तपासतो, सुतार आपल्या यादीतील. दोघांच्याही यादीत नसलेली जागा न तपासता राहते. जुन्या बिऱ्हाडगाड्या बहुधा याच जागी कुजतात व गंजतात.

यास्तव छपराच्या कडेच्या सांध्याला ‘वळचण’ आणि पेटी व चासी यांच्या मधल्या टेकणीला ‘बैठक’ म्हणावे, असे सुचविता येईल. दोन्ही शब्द सर्वांच्या परिचयाचे आहेत. पुढील विवेचनात ते याच अर्थाने योजले आहेत.

प्रथम पाणी

जुनी बिऱ्हाडगाडी हाती आली की पुष्कळांचे लक्ष प्रथम इंजिनाकडे जाते. हा क्रम उलटा आहे. इंजिन बिघडले तर गाडी थांबते आणि दोष उघड दिसतो. पाणी मात्र वर्षानुवर्षे आत शिरत राहते आणि बाहेरून रंग चकचकीत दिसतो.

जुन्या पद्धतीच्या पेटीत आतून लाकडी सांगाडा व बाहेरून ॲल्युमिनियमचा किंवा लोखंडाचा पत्रा असे. वळचणीतील सांधा बुजविणारा मसाला काही वर्षांनी कडक होतो, त्याला भेगा पडतात आणि त्यांतून पाणी थेट लाकडात उतरते. लाकडातील ओलावा सुमारे २० टक्क्यांच्या वर टिकून राहिला की कुजविणाऱ्या बुरशीस अनुकूल स्थिती निर्माण होते. ओलावा मोजण्याचे लहान यंत्र बाजारात मिळते. ते नसेल तर टोचणी पुरते. निरोगी लाकडात टोचणी अडते, कुजलेल्या लाकडात ती सहज शिरते.

गळती शोधण्याची रीत साधी असली तरी तिचा क्रम महत्त्वाचा आहे. पाण्याची धार प्रथम खाली धरावी आणि हळूहळू वर न्यावी. आरंभीच छपरावर पाणी ओतले तर ते सर्वत्र ओघळते आणि नेमके कोठून आत शिरले ते कळत नाही. सांधा सापडल्यावर जुन्या मसाल्यावर नवा थर चढविण्याचा मोह टाळावा. जुना मसाला खरवडून काढावा, लाकूड पूर्ण वाळू द्यावे, कुजलेला भाग कापून त्या जागी नवे लाकूड बसवावे आणि मग पट्टीखाली ब्यूटिलची चिकट फीत घालून ती आवळावी. सिलिकॉनचा मसाला सोपा वाटतो, परंतु तो एकदा लागला की पुढे त्यावर रंग किंवा दुसरा मसाला धरत नाही.

ॲल्युमिनियमचा पत्रा, लोखंडी स्क्रू आणि खारट ओल ही तीन एकत्र आली की विद्युत्‌रासायनिक क्रिया सुरू होते. स्क्रूभोवतीचा पत्रा झिजतो आणि तेथे पांढरी भुकटी दिसू लागते. ती दिसावयास भिंतीच्या लोण्यासारखीच असते, परंतु तिचा अर्थ निराळा आहे. लोणा म्हणजे बाहेरून आलेला क्षार. ही भुकटी म्हणजे पत्र्याचाच नष्ट झालेला अंश होय. ती पुसून रंग देणे व्यर्थ आहे. स्क्रू काढून दोन धातूंच्या मध्ये नायलॉनची किंवा रबराची चकती घालणे हाच उपाय. ॲल्युमिनियम अल्कातही विरघळते. म्हणून असा पत्रा धुण्याच्या सोड्याने घासू नये.

लोखंडी पोकळ भागांत आणखी एक दोष संभवतो. त्यांच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी छिद्रे ठेवलेली असतात. चिखलाने किंवा डांबराने ती बुजली की आतले पाणी केवळ वाफेच्या रूपाने जाते आणि क्षार मागे साचतात. लोणारच्या विवरात जे घडले तेच येथे ओंजळभर पाण्यात घडते. गंज आतून बाहेर येतो, आणि तो दिसतो तेव्हा पत्रा जाळीसारखा झालेला असतो. अशा जागी लांबी भरून रंग देणे म्हणजे दोष झाकणे होय. पाणी आत येऊ न देणे हे निम्मे काम आहे. आलेल्या पाण्यास वाट करून देणे हे उरलेले निम्मे.

बैठक

रस्त्यावर एक चाक खड्ड्यात गेले की चासी पिळवटते. वरची पेटी चासीला घट्ट जखडलेली असेल तर तिलाही पिळवटावे लागते. मग दारे अडकू लागतात, खिडक्यांच्या कोपऱ्यांपासून चिरा निघतात आणि वळचणीचा सांधा उघडतो. म्हणजे बैठकीतील दोष छपराच्या गळतीत प्रकट होतो. बैठकीच्या जागी रबराची किंवा कठीण लाकडाची गादी असते. ती चेपली अथवा कुजली असेल तर बदलावी. तेथील बोल्ट सैल असू नयेत, तसेच गादी चिरडेल इतके आवळलेलेही असू नयेत.

या बाबतीत बैलगाडीचे चाक बोधप्रद आहे. लोहार धाव तापवून लाकडी चाकावर चढवितो आणि पाणी ओतून थंड करतो. लोखंड आकसते आणि आरे, तुंबा व कड ही सर्व घट्ट आवळली जातात. उन्हाळ्यात लाकूड सुकून लहान झाले की धाव सैल होते. तेव्हा शेतकरी चाक भिजवून तात्पुरते काम भागवितो. ज्या ओलाव्याने बिऱ्हाडगाडीचे लाकूड कुजते, तोच ओलावा चाकाचे लाकूड फुगवून त्यास धरून ठेवतो. ओल स्वभावतः शत्रू नव्हे. ती कोठे, किती आणि किती काळ राहते यावर सारे अवलंबून असते.

चालणे आणि थांबणे

बिऱ्हाडगाडी वर्षातील बहुतेक दिवस उभी असते. उभ्या गाडीचे टायर एकाच जागी दबून राहतात आणि न झिजताही म्हातारे होतात. टायरच्या बाजूवर चार अंकी खूण असते. तिचे पहिले दोन अंक निर्मितीचा आठवडा आणि पुढील दोन वर्ष दर्शवितात. नक्षी खोल दिसली तरी बाजूला बारीक भेगा असल्यास टायर बदलणेच योग्य. दीर्घ मुक्कामात गाडी घोड्यांवर उचलून ठेवावी, म्हणजे टायर व पाटे यांवरील भार कमी होतो.

वजनाचाही हिशेब ठेवावा लागतो. १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो वजन. पाण्याची टाकी मागच्या आंसाच्या पाठीमागे असेल तर ते वजन तरफेसारखे काम करून पुढची चाके हलकी करते. पाणी कोठे भरले याचीही आठवण असावी. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरला आहे. त्या भागातील विहिरीचे पाणी टाकीत साठवून ठेवले तर टाकी, पंप आणि नळ यांत क्षार धरतात. मुक्काम हलताच टाकी गोड्या पाण्याने विसळून रिकामी करणे हा त्यावरील उपाय.

मलकापूरकडून बुलढाण्यास येताना राजूरचा घाट लागतो. अशा घाटाच्या उतारावर जुन्या गाडीचे ब्रेक सतत दाबून ठेवल्यास ते तापतात व त्यांची पकड कमी होते. म्हणून उतरताना खालचा गिअर ठेवावा. ब्रेकच्या नळ्यांतील द्रव हवेतील ओलावा शोषून घेतो. त्यामुळे तो लवकर उकळतो, नळीत वाफ होते आणि पावटा पोकळ लागतो. साधारणतः दर दोन वर्षांनी हा द्रव बदलावा.

नावाचा प्रश्न येथे जिवावर बेतू शकतो. या द्रवास कारखान्यांतून सर्रास ‘ब्रेक ऑइल’ म्हणतात. वास्तविक तो नेहमीच्या अर्थाने तेल नव्हे, तो बहुधा ग्लायकॉल जातीचा द्रव असतो. नावावर विसंबून एखाद्याने त्यात इंजिनाचे तेल ओतले तर आतील रबरी वायसर फुगतात आणि ब्रेक निकामी होतात. ‘ब्रेकचा द्रव’ हे नाव रुळले तर हा घोटाळा टळेल.

इंधन, वीज आणि वायू

२०२३ पासून भारतात २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल टप्प्याटप्प्याने विक्रीस आले. जुन्या गाडीच्या रबरी नळ्या आणि बुचाच्या लाकडाचे गॅस्केट यांची रचना अशा इंधनासाठी झालेली नसते. त्या नळ्या मऊ पडतात किंवा चिरतात. इथेनॉल पाणीही शोषून घेते, त्यामुळे दीर्घकाळ उभ्या असलेल्या गाडीची टाकी आतून गंजण्याचा संभव असतो. इथेनॉलला टिकणाऱ्या नळ्या बसविणे आणि दीर्घ मुक्कामापूर्वी कार्ब्युरेटर रिकामा करणे अगत्याचे आहे.

जुन्या मोटारीत विजेचा परतीचा मार्ग गाडीच्या लोखंडातूनच असतो. त्या सांध्यावर गंज चढला की दिवे मंद होतात, आणि बॅटरी नवी आणली तरी दोष कायम राहतो. बिऱ्हाडाचे दिवे व पंखे यांसाठी निराळी बॅटरी असावी, प्रत्येक वाटेवर फ्यूज असावा आणि बॅटरीच्या कप्प्यास वायुवीजन असावे. कारण चार्ज होत असताना शिशाच्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो.

स्वयंपाकाचा वायू हवेपेक्षा जड असतो. तो गळला तर खाली साचतो, म्हणून त्याच्या कप्प्यास तळाशी झरोका हवा. घरात झरोका भिंतीत उंच ठेवण्याची सवय असल्याने सुतार तो येथेही वरच ठेवतो. ही घराची भाषा गाडीत आणल्याने होणारी चूक आहे. गळती साबणाच्या फेसाने तपासावी, काडी ओढून कदापि तपासू नये. थंडीत दारे लावून शेगडी पेटविणे किंवा झोपेत इंजिन चालू ठेवणे प्राणघातक आहे. कार्बन मोनॉक्साइड या वायूस रंग नाही, वास नाही. आरंभी डोके जड होते आणि झोपलेल्या माणसास तेही कळत नाही. भेगाळलेल्या तळातून एंजिनाचा धूर आत येऊ शकतो, हेही बैठक नीट ठेवण्याचे एक कारण आहे.

जतन की वापर

‘जुनी’ या शब्दाला आता कायद्याचाही अर्थ प्राप्त झाला आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुलै २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ लोटलेली आणि चासी, पेटी व इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली वैयक्तिक वापराची दुचाकी व चारचाकी वाहने ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदविता येतात. त्यांना निराळा क्रमांक मिळतो. परंतु प्रदर्शन, संशोधन, जुन्या वाहनांच्या फेऱ्या, इंधन आणि दुरुस्ती एवढ्याच कारणांसाठी ती रस्त्यावर आणता येतात. दुसऱ्या बाजूस, १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा फेरफार करण्यास प्रतिबंध करते. यावरून मालकास आरंभीच एक निर्णय घ्यावा लागतो. गाडी वारसा म्हणून जपावयाची की तीत बिऱ्हाड करून हिंडावयाचे? एकाच गाडीकडून दोन्ही गोष्टींची अपेक्षा धरली तर दुरुस्तीस दिशा राहत नाही.

लोणारला येणाऱ्या बिऱ्हाडगाडीवर आणखी एक जबाबदारी येते. हे सरोवर अभयारण्यात असून नोव्हेंबर २०२० मध्ये त्याची रामसर पाणथळ स्थळांत गणना झाली. त्याच वर्षी जून महिन्यात त्याचे पाणी गुलाबी झाले, आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत त्याचे कारण क्षारप्रिय सूक्ष्मजीव असल्याचे निष्पन्न झाले. ज्या जलाशयातील सूक्ष्म जीवही क्षारांच्या प्रमाणाशी इतके बांधलेले आहेत, त्याच्या काठावर सांडपाण्याची टाकी रिकामी करणे किंवा इंजिनाचे जुने तेल ओतणे यापरते अविचाराचे कृत्य नाही. नदीत टाकलेले निदान वाहून जाते. विवराच्या उतारावर ओतलेले आतच उतरते आणि आतच राहते. गळणारी गाडी दुरुस्त करूनच तेथे न्यावी, हा या निगेचाच भाग आहे.

मृग नक्षत्र निघण्यापूर्वी कौलारू घर शाकारण्याची रीत होती. त्या कामास नाव होते, काळ ठरलेला होता, म्हणून ते विसरले जात नसे. बिऱ्हाडगाडीसही अशी वार्षिक शाकारणी लावून द्यावी. मे महिन्यात वळचण, मग तळाची छिद्रे, मग बैठक, त्यानंतर टायर, ब्रेकचा द्रव, इंधनाच्या नळ्या, विजेचे सांधे आणि वायूचा झरोका, या क्रमाने ती व्हावी. हा क्रम व ही नावे एका कागदावर लिहून दाराच्या आतील बाजूस लावून ठेवली, तर मिस्त्री आणि सुतार दोघेही एकाच यादीने काम करतील आणि दोघांच्या मधली जागा तपासल्यावाचून राहणार नाही.